शाळेतल्या प्रयोगांसाठी स्वस्त वजनं: पुण्यात कोणती घ्यावीत, कुठून घ्यावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हडपसरच्या शाळेत तुम्ही आठवी ते दहावीला विज्ञान शिकवता. जडत्व, लंबक, न्यूटनचा दुसरा नियम आणि फिरत्या वस्तू हे सगळं मुलांना फळ्यावर न सांगता करून दाखवायचंय. त्यासाठी पाच-दहा किलोपर्यंतची वजनं हवीत. पितळी वजनांच्या संचाचा भाव ऐकून मुख्याध्यापकांनी हात वर केले, आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी सुचवलं की जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून गोळे ओता. तर शिसं घ्यावं का, आणि नाही तर स्वस्तात दुसरं काय मिळेल?

शिशाचं आधी सांगतो: नको. कारण पुढे येईलच. पण त्याआधी एक गोष्ट नक्की करायला हवी. मी बरीच वर्षं शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी उपकरणं बनवतो, दुरुस्त करतो. 'जड काहीतरी द्या' असं म्हणत येणाऱ्या शिक्षकांना मी पहिल्यांदा हेच विचारतो, की प्रयोगाला नक्की काय लागतंय? नुसतं भरपूर वस्तुमान? एकसारख्या वजनाच्या चार-सहा वस्तू? की थोड्या जागेत जास्त वजन? या तिन्ही गरजांना वेगवेगळा माल लागतो, आणि शाळेतल्या बहुतेक प्रयोगांना तिसऱ्या गरजेशी देणंघेणं नसतं. लोक मात्र तिच्याच मागे पैसे घालवतात.

जडत्वाचं उदाहरण घ्या. माझा आवडता प्रयोग रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांचा आहे. चार लिटरचे, एकाच कंपनीचे दोन डबे घ्या. एकात काठोकाठ कोरडी वाळू भरा, दुसरा रिकामाच ठेवा, झाकणं घट्ट ठोका. दोन्ही डबे लांब दोरीने शेजारी शेजारी टांगा. आता एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधा आणि एकाच बोटाने आधी एक डबा ढकलायला सांगा, मग दुसरा. कोणता भरलेला ते त्याला क्षणात कळतं. मग विचारायचं, 'अरे, डबा तर दोरीने पेललाय, तू उचलला कुठे? मग तुला जड काय लागलं?' इथे वर्ग शांत होतो आणि शिकवणं सुरू होतं. दोरी लांब हवी, निदान दीड-दोन मीटर. आखूड दोरीला डबा ढकलताना तो वरही उचलला जातो आणि मुद्दा निसटतो. या प्रयोगात वाळूच्या जागी शिसं घातलंत म्हणून समज काही वाढणार नाही. कोरडी वाळू लिटरला साधारण 1.6 किलो भरते, म्हणजे डबा सव्वासहा-साडेसहा किलोच्या घरात जातो. बोटाला तेवढं पुरे.

वाळू कुठून आणायची? नदीची वाळू आता महाग आहे, तिच्या मागे लागू नका. बांधकामावर सगळीकडे क्रश सँडच, म्हणजे दगड दळून केलेली वाळू वापरतात. शाळेजवळ एखादी इमारत उभी राहत असेलच, पुण्यात ती नसेल असं होत नाही. मुकादमाला सांगून दोन घमेली मागा. फक्त ती पसरून उन्हात खडखडीत वाळवा आणि मगच भरा. ओली वाळू लिटरला दोन किलोपर्यंत जाते खरी, पण सुकत गेली की वजन उतरतं आणि डब्यावर लिहिलेला आकडा खोटा ठरतो. झाकणाच्या कडेने एम-सील लावून टाका.

पाण्याला कुणी किंमत देत नाही, पण शाळेसाठी त्याच्याइतकं सोयीचं वजन नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, हे मुलांना पाठ असतं. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो, वर जारचं थोडं. शिवाय भरलेला माल वाहून न्यावा लागत नाही. रिकामा डबा पीएमपीच्या बसने न्या, शाळेत नळाखाली भरा, तास संपला की ओतून द्या. पाण्याची अडचण एकच, ते डुचमळतं. लंबकासाठी बाटली अगदी काठापर्यंत भरा, हवेचा बुडबुडासुद्धा ठेवू नका. आणि पाण्याची बाटली उतारावरून घरंगळत सोडायची असेल तर आतलं पाणी बाटलीबरोबर नीट फिरत नाही, म्हणून ती वाळूच्या बाटलीला मागे टाकते. वजनासाठी ही अडचण असली तरी तो स्वतःच एक सुंदर प्रयोग आहे. दोन सारख्या बाटल्या, एकीत पाणी, दुसरीत वाळू, आणि तिरकी फळी. वाळूची बाटली जास्त जड, तरी ती मागे पडते. मुलांना आधी अंदाज लिहायला लावा.

आता एकसारखी वजनं. न्यूटनच्या दुसऱ्या नियमासाठी गाडीवर एक, दोन, तीन असं ओझं वाढवत नेता, तेव्हा प्रत्येक ओझं नक्की किती किलो याला फार महत्त्व नसतं, सगळी सारखी असली म्हणजे झालं. विटा वापरू नका. भट्टीच्या विटांमध्ये एकीला दुसरी जुळत नाही, आणि तास संपला की टेबलभर लाल भुकटी. त्यापेक्षा पेव्हर ब्लॉक घ्या. ते साच्यातले असल्याने वजनात बरेच सारखे असतात. फुटपाथ उकरले की ढीग पडलेले दिसतात, पण विचारल्याशिवाय उचलू नका. बिल्डिंग मटेरियलच्या दुकानातून दहा-बारा सुटे घेतले तरी खिशाला चटका बसत नाही. दहा किलोच्या काट्यावर एकेक ठेवून जवळच्या वजनाचे सहा निवडा.

याहून चांगलं म्हणजे वाण्याची जुनी लोखंडी वजनं. भाजीवाल्यांपासून किराणा दुकानांपर्यंत सगळे इलेक्ट्रॉनिक काट्यावर गेले, तेव्हा ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, षटकोनी वजनं अडगळीत पडली. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फेरी मारा. एक, दोन, पाच किलोची वजनं सापडतात, आणि विकणाऱ्याच्या लेखी ती भंगारच असतात. त्यांवर वैधमापन विभागाचा शिक्का असतो, पण दुकानदाराला तो ठरावीक काळाने नव्याने मारून घ्यावा लागतो, त्यामुळे जुन्या शिक्क्याच्या भरवशावर राहू नका. झिजून काही ग्रॅम कमी झालेले असतात. शाळेच्या प्रयोगाला किलोमागे पाच ग्रॅमचा फरक चालतो. घरी आणलं की गंज घासून काढा, रेड ऑक्साइड प्रायमर लावा, वर ऑइलपेंटचा एक हात, आणि खरं मोजलेलं वजन त्यावर पांढऱ्या अक्षरात लिहा. एक सूचना: यातल्या बऱ्याच वजनांना शिक्क्यासाठी शिशाची छोटी गोळी ठोकलेली असते. तिच्यावर रंगाचा जाड थर द्या, ती कोरू नका.

व्यायामशाळेच्या जुन्या प्लेटाही उत्तम. मध्ये भोक असल्याने दांड्यात ओवता येतात. प्लास्टिकच्या वेष्टनातल्या स्वस्त प्लेटांमध्ये सिमेंट असतं, बीड नाही. त्या आकाराने मोठ्या असतात, पण वजन ते वजनच.

भोसरी-चाकणकडे तुमच्या ओळखीचं कुणी असेल, किंवा एखाद्या विद्यार्थ्याचे वडील लेथवर काम करत असतील, तर तुमचा निम्मा प्रश्न सुटलाच म्हणून समजा. वर्कशॉपमध्ये गोल बार कापून उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, आणि ते भंगाराच्या भावानेच जाणार असतात. बांधकामवाले सळईचं वजन काढायला एक सूत्र वापरतात: व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचे किलो. तेच इथे वापरा. 40 मिलिमीटरच्या बारला मीटरला 9.88 किलो येतात, म्हणजे दहा सेंटिमीटरचा तुकडा जवळजवळ बरोबर एक किलो. 50 मिलिमीटरचा असेल तर साडेसहा सेंटिमीटर पुरतात. लेथवाल्याला सांगताना तीन गोष्टी एकदमच सांगा. दोन्ही कडांना चांफर मारा, म्हणजे धार तिरकी घासून घ्या, नाहीतर मुलांची बोटं कापतील. एका तोंडाला मधोमध ड्रिल करून एम-8 चा टॅप मारा, म्हणजे 8 मिलिमीटरच्या बोल्टसाठी आटे पाडा. आणि भोक अगदी मध्यावर येऊ द्या, कारण लंबक तिरका लटकला की झोके घेताना डगमगतो. हे तिसरं काम लेथवर दोन मिनिटांचं आहे, हँड ड्रिलवर कधीच नीट होत नाही.

प्रेस शॉपमध्ये पत्र्याला भोकं पाडताना ज्या लोखंडी टिकल्या पडतात, त्याही मिळाल्या तर सोडू नका. बाटलीत भरल्या तर वाळूच्या दुप्पट सहज होतात. खडीऐवजी त्याच टिकल्या घालून सिमेंटचा ठोकळा ओतला तर साध्या काँक्रीटची लिटरला 2.4 किलोची घनता सव्वाचार-साडेचारपर्यंत नेता येते. लेथवर निघणारा लोखंडाचा कुरळा कीस मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. तो तेलकट असतो, ब्लेडसारखा कापतो, आणि जागेच्या मानाने त्यात वजनही नसतं.

आणि आपल्या घरातलंच एक सांगायचं राहिलं. पेठांमधले वाडे पडताहेत, जुन्या सोसायट्या रीडेव्हलपमेंटला जाताहेत, आणि तिथून निघणारी जाती, पाटे, वरवंटे कुणालाच नको असतात. हा सगळा आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, घनता 2.9 च्या आसपास. जात्याची तळी म्हणजे मध्ये भोक असलेली जड तबकडी. खुंट्यावर नीट बसवलीत तर फिरवायला लागणारं बळ आणि एकदा फिरली की थांबवायला लागणारं बळ, दोन्ही मुलांच्या हाताला कळतं. वरवंटा उतारावर सोडायला आहेच. शिवाय दोरीने बांधून स्प्रिंग काट्याला टांगला आणि बादलीतल्या पाण्यात बुडवला, की आर्किमिडीजचं तत्त्व दिसतं, घनताही निघते. हवेतलं वजन भागिले पाण्यात कमी झालेलं वजन. उत्तर 2.9 च्या जवळपास आलं, की 'सह्याद्री याच दगडाचा' असं सांगून भूगोलाच्या तासातही शिरता येतं.

आता थोड्या जागेत जास्त वजन कधी लागतं, ते बघू. एक म्हणजे जिथे हवेचा अडथळा टाळायचा असतो. खूप वेळ झोके घेत राहणारा लंबक हवा असेल तर लोखंडी तुकडा पाण्याच्या बाटलीपेक्षा नक्कीच चांगला. फूकोने 1851 साली पॅरिसच्या पँथिऑनमध्ये 67 मीटर तारेला 28 किलोचा गोळा टांगला, त्यामागे हाच विचार होता. (पृथ्वी फिरते म्हणून अशा लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते. पुण्याच्या अक्षांशावर ती पूर्ण वळायला सुमारे 75 तास लागतील, म्हणजे तासाला पाच अंशांहूनही कमी. तुमच्या पस्तीस मिनिटांच्या तासात ते उरकायचं नाही.) दुसरं म्हणजे दोन गोळ्यांमधलं गुरुत्वाकर्षण मोजायचा कॅव्हेंडिशचा प्रयोग. 1798 साली त्याने प्रसिद्ध केलेल्या मोजणीत मोठे गोळे शिशाचे होते, प्रत्येकी 158 किलोचे. तिथे गुरुत्वाकर्षण इतकं क्षीण असतं की गोळ्यांची केंद्रं जितकी जवळ आणता येतील तितकी हवी असतात, आणि लोखंडात चुंबकत्वाची लुडबुड येते. शाळेत हा प्रयोग कुणी करत नाही, करूही नये.

तिसरं कारण खुद्द घनता दाखवायची असते तेव्हाचं. त्यासाठी 25 मिलिमीटर व्यासाचे आणि 50 मिलिमीटर लांबीचे तीन तुकडे कापून घ्या, ॲल्युमिनियम, लोखंड आणि पितळ. वजनं अनुक्रमे 66, 193 आणि 209 ग्रॅमच्या जवळ येतील. पितळ भंगारातही लोखंडाच्या दहापटीहून महाग असतं, पण दोनशे ग्रॅमला कितीसे पैसे लागणार? हातात दिल्यावर ॲल्युमिनियम आणि लोखंडातला फरक मुलं लगेच सांगतात, लोखंड आणि पितळेतला त्यांना सांगता येत नाही. मग काटा काढायचा.

आता शिसं. लोखंडाची घनता 7.85, शिशाची 11.34. म्हणजे शिसं जेमतेम 1.44 पट. याचा गोळ्याच्या आकारावर काय परिणाम होतो ते बघा: सारख्याच वजनाचा लोखंडी गोळा शिशाच्या गोळ्याहून व्यासाने फक्त तेरा टक्के मोठा होतो. शिशाचा गोळा दहा सेंटिमीटरचा असेल तर लोखंडाचा सव्वाअकरा. एवढ्याशा फायद्यासाठी तुम्ही वर्गात काय आणताय? शिसं मऊ असतं, हाताळलं की बोटांना लागतं, आणि मुलं तीच बोटं डब्यात घालतात. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. बॅटरी फोडणं तर त्याहून वाईट. आत गंधकाम्ल असतं, शिशाच्या संयुगांचा चिखल असतो. शिसं 327 अंशांना वितळतं, म्हणजे घरच्या गॅसवरही वितळेल, आणि म्हणूनच लोकांना ते सोपं वाटतं. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, नवीन घेताना पैसे वळते होतात. एखाद्याकडे आधीच शिशाचं वजन असेल तर त्याला जाड रंग द्या किंवा ते डबीत सीलबंद करा, आणि मुलांच्या हाती देऊ नका. पाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

किती वजन हवं, याबद्दलही थोडं. शिक्षक नेहमी गरजेपेक्षा जास्त मागतात. फिरत्या स्टुलावर हात आत-बाहेर घेण्याचा प्रयोग घ्या. त्यात अंतराचा वर्ग येतो, वजनाचा नाही. हात पूर्ण पसरले तर दोन्ही हातांत एकेक लिटरची बाटली पुरते. पाच-पाच किलो दिलेत तर मुलगा भोवंडून स्टुलासकट आडवा होईल. उलट, दोन दोऱ्यांच्या प्रयोगाला वजन जितकं जास्त तितकं चांगलं. वजन एका दोऱ्याने टांगलेलं, त्याच्या खाली दुसरा तसाच दोरा. हळू ओढलं की वरचा तुटतो, कारण त्याच्यावर तुमची ओढ अधिक वजन असं दोन्ही येतं. हिसका दिला की खालचा तुटतो, कारण वजन हलायच्या आत खालच्यावरचा ताण हद्दीबाहेर गेलेला असतो. पण वरच्या दोऱ्याला नुसतं वजन पेलवायला हवं. शिलाईचा दोरा किलोभर वजनालाच तुटू शकतो, म्हणून वर्गात नेण्याआधी घरी तपासा, लागला तर दुहेरी घ्या. वजन पडणारच आहे, तेव्हा खाली वाळूची पिशवी ठेवा, आणि ओढणाऱ्याचा हात वजनाच्या सरळ खाली नको, दोरा लांब ठेवून बाजूने ओढा.

जे वजन टांगायचंय, त्याबाबतीत कंजूषपणा करायची जागा वजन आहे, कडी नव्हे. तुमच्या प्रश्नात कडीचा उल्लेखच नव्हता, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. दहा किलोचा लंबक स्थिर लटकला असेल तर दोरीवर दहा किलोचा ताण असतो. तोच साठ अंशांपर्यंत ओढून सोडला, तर सगळ्यात खालच्या बिंदूतून जाताना ताण वीस किलोचा होतो, आणि आडव्या रेषेपर्यंत ओढलात तर तीस. हे ऊर्जेच्या अक्षय्यतेतून चार ओळींत निघतं, हुशार मुलांना घरी करायला द्या. तेव्हा दोरी, तार, कडी, सगळं टांगलेल्या वजनाच्या निदान दहापट पेलणारं हवं. वाकवलेला उघडा हुक नको, बंद आय बोल्ट घ्या, तो टॅपमध्ये निदान दीड व्यासाइतका आत गेला पाहिजे, आणि वर लॉकनट. झोके घेता घेता बोल्ट उलटे फिरून सुटतात. हे सगळं, शिवाय डी-शॅकल आणि वायर रोपच्या क्लिपा, रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळेल.

वर कशाला टांगायचं? पंख्याच्या हुकाला नको. तो पंख्याचं स्थिर वजन पेलायला असतो, मागेपुढे बसणारे हिसके सोसायला नाही, आणि तो स्लॅबमध्ये कसा बसवलाय ते तुम्हाला माहीत नसतं. एखाद्या खोलीत स्लॅब भरतानाच सळईला अडकवून सोडलेली झोपाळ्याची कडी असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर दोन किलोच्या वर जाऊ नका, आणि लंबक दरवाज्याच्या चौकटीत आडव्या पाइपला टांगा. नाकापर्यंत गोळा आणून सोडायचा, आणि तो परत येऊनही नाकाला लागत नाही, तो प्रसिद्ध प्रयोग दोन किलोच्या गोळ्यानेही तितकाच थरारक होतो. मुलाला मागे भिंतीला डोकं टेकून उभं करा, म्हणजे तो पुढे झुकणार नाही, आणि गोळा सोडायचा असतो, ढकलायचा नसतो, हे तीनदा सांगा.

ठेवायच्या जागेचं बोलायचं तर जड माल कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. तुमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर असेल तर वाळूचे डबे आणि पेव्हर ब्लॉक वर नेऊच नका, तळमजल्यावर शिपाईमामांच्या खोलीशेजारी ठेवा आणि ते प्रयोग व्हरांड्यात करा. व्हरांड्याची उंची किती आहे आणि तिथे वर तुळई आहे का, ते कळवलंत तर लंबकाला किती जाड तार लागेल ते नेमकं सांगता येईल.